जंतू थोडे, जखम मोठी

दोन रुग्ण समोर आहेत. पहिल्याच्या दंडावर एकच फिकट, बधिर चट्टा आहे. त्या चट्ट्यातून आणि कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्यात कुष्ठरोगाचा एकही जंतू सापडत नाही. तरीही कोपराजवळची नस बोटांना जाड लागते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट आत वळले आहे. दुसऱ्याच्या अंगावर नजरेत भरणारा चट्टा नाही. त्वचा तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जाडसर, भुवया विरळ. त्याच्या नमुन्यात जंतूंचे पुंजके दिसतात, मोजता येणार नाहीत इतके. पण त्याची बोटे अजून सरळ आहेत. त्याला सुईत दोरा ओवता येतो.

“आता सांग, यांतल्या कोणाचा प्रतिकार चांगला?” आत्याचा प्रश्न.

आत्या निवृत्त डॉक्टर. वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोग आणि क्षयरोगाच्या रुग्णांमध्ये तिची सगळी नोकरी सरली. भाचा पुण्यात प्रतिकारशास्त्राचा संशोधक, क्षयाच्या लशीवर काम करणारा. दोघांना ज्यांच्याशी लढायचे आहे ते जंतू एकाच कुळातले, मायकोबॅक्टेरिया. मतभेद आहे तो शरीराने या कुळाशी कसे लढावे यावर. भाच्याच्या मते प्रतिकार कमी पडतो म्हणून माणसे आजारी पडतात, तेव्हा तो वाढवला पाहिजे. आत्याच्या मते माणसे अधू होतात आणि मरतात ती पुष्कळदा त्या प्रतिकारामुळेच, तेव्हा त्याला आवर घालायला शिकले पाहिजे.

“पहिल्याचा,” भाचा म्हणाला. “त्याच्या टी-पेशींनी जंतू जवळजवळ संपवलेत. दुसऱ्याच्या टी-पेशी या जंतूपुढे गप्प आहेत. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतील, पण हा जंतू पेशीच्या आत राहतो. तिथं प्रतिपिंडं पोचत नाहीत.”

“आणि हात कोणाचा गेला?”

“आधी पहिल्याचा. पण दुसऱ्याचा वाचला असं समजू नकोस, आत्या. त्याच्याही नसा जातील, सावकाश आणि दोन्ही बाजूंच्या. शिवाय उपचार सुरू होईपर्यंत तो घरच्यांना जंतू देत राहील.”

आत्याने हे मान्य केले. रिडले आणि जॉपलिंग या दोन डॉक्टरांनी १९६६ मध्ये कुष्ठरोगाची पाच पायऱ्यांची मांडणी केली, ती आजही शिकवली जाते. एका टोकाला टी-पेशींचा प्रतिसाद जोरदार आणि जंतू नगण्य. दुसऱ्या टोकाला तो प्रतिसाद जवळजवळ शून्य आणि जंतू कोट्यवधी. जंतू दोन्हीकडे तोच असतो. रोगाचे रूप ठरते ते माणसाच्या शरीराने त्याला काय उत्तर दिले यावरून. म्हणून प्रतिकाराचा अभ्यास करणाऱ्यांना कुष्ठरोग पुन्हा पुन्हा वाचावा लागतो.

मधल्या पायऱ्यांवरच्या रुग्णांबद्दल आत्या अधिक पोटतिडकीने बोलते. त्यांचा प्रतिकार स्थिर नसतो. औषधाने जंतू मरू लागतात, त्यांच्या कवचाचे तुकडे ऊतींत पसरतात आणि एखाद्या आठवड्यात टी-पेशी अचानक खवळतात. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकू लागते. वेळेवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळाले नाही तर काही दिवसांत पाऊल लुळे पडते किंवा पापणी मिटेनाशी होते. दवाखान्यात याला नुसते ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. गोळ्या नेमाने घेणारा माणूस म्हणतो, औषध सुरू केले आणि आजार वाढला. “त्याला काय सांगायचं? जंतू मेलाय, पण त्याच्यावरचा तुझा राग अजून मेलेला नाही, असं?”

“राग आल्याशिवाय जंतू मेला नसता,” भाचा म्हणाला.

“तो औषधानं मेला. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिननं. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि आमच्या वॉर्डांचं चित्र बदललं. ते कोणाच्या प्रतिकारानं बदललेलं नाही.”

इथे जंतूकडे नीट पाहावे लागते. मायकोबॅक्टेरियांच्या दोनशेच्या आसपास प्रजाती आहेत. बहुतेक माती-पाण्यात राहतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये आर्माउर हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. या कुळाची खूण म्हणजे त्याचे कवच. साठ ते नव्वद कार्बन अणूंच्या लांबलचक साखळ्यांची मायकोलिक आम्ले त्यात दाटीने बसलेली असतात, त्यामुळे कवच मेणचट होते आणि बरीच औषधे व रसायने बाहेरच अडतात. थुंकीच्या तपासणीत काचेवर लाल रंग चढवून वरून आम्ल सोडतात. इतर जंतूंचा रंग धुऊन जातो, यांचा टिकतो. निळ्या पार्श्वभूमीवर त्या लालसर काड्या दिसल्या की तंत्रज्ञ अहवालावर अधिकचे चिन्ह काढतो.

कवचाची किंमत जंतूलाही मोजावी लागते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला सुमारे वीस तास लागतात आणि कुष्ठरोगाच्या जंतूला जवळजवळ दोन आठवडे. क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये वाचला गेला : सुमारे ४४ लाख अक्षरे, ४,००० च्या आसपास जनुके. कुष्ठरोगाच्या जंतूचा संच २००१ मध्ये हाती आला तेव्हा त्यात चालू स्थितीतली जनुके जेमतेम १,६०० निघाली. १,१०० हून अधिक जनुके मोडून पडलेली होती. इतके गमावलेला जंतू काचेच्या बशीत वाढतच नाही. तो उंदराच्या पंजात किंवा आर्मडिलो या प्राण्यात वाढवावा लागतो.

भाचा याच ठिकाणी आपला मुद्दा उभा करतो. क्षयाचा जंतू खोकल्यातल्या बारीक थेंबांतून फुप्फुसाच्या वायुकोशात पोचतो आणि तिथली भक्षक पेशी त्याला गिळते. इतर जंतूंचा शेवट इथेच होतो, कारण गिळलेली पिशवी आम्ल आणि विकरे भरलेल्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते. क्षयाचा जंतू हे मीलन रोखतो. पुढे ईएसएक्स-१ नावाच्या यंत्रणेतून प्रथिने सोडून तो पिशवीच्या भिंतीलाही इजा करतो. टी-पेशींना वर्दी मिळायला उशीर होतो. माणसात टी-पेशी जाग्या झाल्याचे दाखवणारी त्वचेची चाचणी संसर्गानंतर तीन ते आठ आठवड्यांनी होकारार्थी येते. तोवर जंतूने बस्तान बसवलेले असते.

“म्हणजे जो शरीराचा प्रतिसाद लांबवतो, त्याला आपण आधीच सावध केलेलं शरीर दाखवायला हवं. लस याहून वेगळं काय करते?” भाचा म्हणाला. “आणि प्रतिकार नसला तर काय होतं तेही ठाऊक आहे. माल्टातल्या काही मुलांना इंटरफेरॉन गॅमा या संदेशाला दाद देणारा ग्राहकच जन्मतः नव्हता. एरवी निरुपद्रवी असलेले मायकोबॅक्टेरिया त्यांच्या सर्वांगात पसरले. १९९६ मध्ये त्याचं कारण जनुकात सापडलं. संधिवातावर इन्फ्लिक्सिमॅब आलं. टीएनएफ हा दाहाचा एक संदेश ते अडवतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे औषध घेतल्यावर क्षय झालेले ७० रुग्ण नोंदवले, त्यांतल्या बऱ्याच जणांना तर तीन-चार इंजेक्शनांच्या आतच. आणि एचआयव्हीबद्दल मी तुला काय सांगायचं?”

एचआयव्हीबद्दल आत्याला सांगायची खरोखरच गरज नव्हती. सीडी४ या टी-पेशी घटल्या की क्षय उसळतो हे तिने वॉर्डात पाहिले आहे. पण तिने त्याच वॉर्डातली दुसरी बाजू पुढे केली.

“ज्यांच्या सीडी४ पेशी फारच कमी झालेल्या असतात, त्यांच्या एक्स-रेत पोकळी क्वचित दिसते. थुंकीतही जंतू कमी मिळतात, म्हणून निदान चुकतं. पोकळी दिसते ती चांगल्या प्रतिकाराच्या माणसात. धडधाकट तरुणाच्या फुप्फुसात गाठ मऊ पडते, विरघळते, श्वासनलिकेत फुटते, आणि तिथून खोकल्यासरशी जंतू बाहेर पडतात. ती पोकळी जंतूच्या दातांनी कुरतडलेली नाही. आपल्याच पेशींनी सोडलेल्या विकरांनी फुप्फुस खाल्लेलं असतं. आणि त्याच एचआयव्हीच्या रुग्णाला विषाणूविरोधी औषधं सुरू केली, सीडी४ वाढू लागले, की कधी कधी मानेच्या गाठी टम्म फुगतात, ताप चढतो. प्रतिकार परत आला म्हणून माणूस अत्यवस्थ झाला, हे मी पाहिलंय.”

“ते थोड्यांत होतं. औषधं न देता ठेवलं तर सगळेच जातील.”

“औषधं बंद करा असं मी कुठं म्हणते? स्टेरॉइड हाताशी ठेवा म्हणते.”

तिच्या म्हणण्याला व्हिएतनाममधल्या चाचणीचा आधार आहे. क्षयजन्य मेंदुज्वराच्या ५४५ रुग्णांवरचा हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन, म्हणजे दाह दाबणारे स्टेरॉइड, दिलेल्या गटात मृत्यू सुमारे ३२ टक्के. न दिलेल्या गटात सुमारे ४१ टक्के. प्रतिकाराला लगाम घातला आणि माणसे वाचली. अर्थात, वाचलेल्यांतले गंभीर अपंगत्व त्याने कमी झाले नाही, आणि हे भाच्याने लगेच लक्षात आणून दिले.

मग आत्याने असा पुरावा मांडला की भाच्यालाही त्यावर थांबून बोलावे लागले. टी-पेशी जंतूच्या प्रथिनांचे काही ठरावीक तुकडे ओळखतात. एचआयव्ही असे तुकडे सतत बदलतो, कारण ओळखले जाणे त्याला घातक असते. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या क्षयाच्या जंतूच्या २१ वाणांचे जनुकसंच ताडून पाहिले. अपेक्षा हीच होती, की टी-पेशींना दिसणारे तुकडे सर्वाधिक बदललेले असतील. निघाले उलटेच. तेच तुकडे सर्वांत कमी बदललेले होते.

“हजारो वर्षं माणसात राहिलेला जंतू ओळख लपवत नाही,” आत्या म्हणाली. “का लपवेल? टी-पेशी धावून आल्याशिवाय पोकळी नाही, आणि पोकळीशिवाय पुढच्या माणसाकडे जाण्याची वाट नाही.”

“हा एक अन्वयार्थ झाला,” भाचा म्हणाला. “दुसरा असा, की ते तुकडे जंतूच्या जगण्यालाच इतके आवश्यक आहेत की बदलले तर तो मरेल. पण मी तुझा अन्वयार्थ झटकून टाकत नाही. उंदरांचा एक प्रयोग तुझ्याच बाजूचा आहे. टी-पेशींना थांब म्हणणारा पीडी-१ नावाचा ग्राहक असतो. तो नसलेल्या उंदरांना क्षयाचा संसर्ग दिला. टी-पेशी भरमसाट वाढल्या, आणि जंतूही वाढले, उंदीरही लवकर मेले. कर्करोगासाठी पीडी-१ अडवणारी औषधं घेतलेल्या काही रुग्णांतही क्षय उफाळलेला नोंदवलाय. तेव्हा नुसता जोर कामाचा नाही, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच, की योग्य ठिकाणी, योग्य वेळी जोर हवा.”

क्षयाची गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, ही या वादाची खरी रणभूमी. जंतू गिळलेल्या भक्षक पेशी मधोमध, त्यांच्याभोवती आणखी भक्षक पेशी, बाहेर टी-पेशींचे कडे. पाठ्यपुस्तके तिला दीर्घकाळ शरीराने उभारलेली तटबंदी म्हणत आली : जंतू मारता आला नाही तर निदान कोंडून ठेवा. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या आणि आता केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांनी या समजुतीला माशांच्या साहाय्याने आव्हान दिले. झेब्राफिशची अळी पारदर्शक असते, आणि माशांना होणारा मायकोबॅक्टेरियम मरायनमचा रोग क्षयाशी बराच जुळतो. जिवंत अळीत सूक्ष्मदर्शकाखाली गाठ बनताना पाहता आली. २००९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की नव्या भक्षक पेशी गाठीकडे वेगाने ओढल्या जातात, मरणाऱ्या पेशींतले जंतू गिळतात आणि त्यांतल्या काही पुढे निघून नव्या गाठी सुरू करतात. पेशींना ओढून आणण्यात जंतूच्या त्याच ईएसएक्स-१ यंत्रणेचा हात असतो. निदान सुरुवातीच्या काळात तरी तटबंदीचा फायदा जंतूच घेत होता.

“आणि टीएनएफ?” भाच्याने विचारले. “तेही त्यांच्याच प्रयोगशाळेतलं काम आहे. टीएनएफ कमी असलं तर भक्षक पेशीच्या पोटात जंतू माजतात आणि ती फुटते. जास्त असलं तर पेशी स्वतःच्याच रसायनांनी फुटते. दोन्हीकडे जंतू बाहेर पडतात आणि मोकळे वाढतात. म्हणजे तू म्हणतेस ते टोकही वाईट आणि मी म्हणतो तेही.”

“२०१७ मध्ये त्याच गटानं कुष्ठरोगाबद्दल जे दाखवलं, तेही वाच मग,” आत्या म्हणाली. “आम्हाला वाटायचं, जंतू नसेत शिरतो आणि नस कुजवतो. माशाच्या अळीत त्यांनी पाहिलं, की जंतूच्या कवचातला एक मेदाम्ल-शर्करेचा रेणू भक्षक पेशींना चेतवतो, त्या नायट्रोजनची दाहक संयुगं सोडतात, आणि नसेचं आवरण त्या संयुगांनी खराब होतं. जंतू जागच्या जागी असतो. मोडतोड आपल्याच पेशी करतात.”

हा सगळा वाद ज्या एका गोष्टीपाशी येऊन ठरतो ती म्हणजे बीसीजी. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ यांनी फ्रान्समधल्या लीलमध्ये गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवत नेला. तेरा वर्षे, २३० वेळा नव्याने रुजवत. जंतूचे विष उतरले. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला लस दिली. काय हरवले होते ते पुढे जनुकांच्या अभ्यासातून कळले : ईएसएक्स-१ ही यंत्रणा ज्या भागात आहे तो तुकडाच गळून गेला होता. आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बीसीजी बनवते, आणि आपल्याकडे जन्मलेल्या बाळाच्या डाव्या दंडावर राहणारा तो व्रण सर्वांच्या परिचयाचा आहे. जगात आजही वापरात असलेली क्षयाची लस ही एवढीच.

लशीच्या सुरुवातीच्या काळात जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात अनर्थ झाला. १९३० मध्ये तिथल्या सुमारे अडीचशे बाळांना तोंडाने दिलेल्या लशीत क्षयाचा विखारी जंतू मिसळला गेला होता. सत्तरहून अधिक बाळे दगावली. भाचा हा प्रसंग फार जपून सांगतो, कारण तो एका मोठ्या दुःखाबद्दल बोलतो आहे. पण वैद्यकाने त्यातून जे पाहिले तेही तो सांगतो : विखारी जंतू पोटात गेलेली बहुसंख्य बाळे, त्या काळी क्षयावर एकही औषध नसताना, जगली. “त्यांना कोणी वाचवलं, आत्या?”

आत्या काही वेळ बोलली नाही. “त्यांच्या शरीरानं,” ती म्हणाली. “तिथं मी तुझ्याबरोबर आहे. पण त्या बाळांच्या लशीनं पुढं काय केलं ते चेंगलपट्टूत बघ.”

तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ मध्ये बीसीजीची जगातली एक सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे ३ लाख ६० हजार माणसे तिच्या कक्षेत होती. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत या लशीने ७५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले होते. चेंगलपट्टूत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मिळाले नाही. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही चित्र तेच राहिले. आफ्रिकेत मलावीतल्या करोंगा जिल्ह्यात बीसीजीचा दुसरा डोस देऊन पाहिला. १९९६ मध्ये निष्कर्ष आले : क्षयापासून जादा संरक्षण नाही, कुष्ठरोग मात्र जवळजवळ निम्म्याने कमी. एकच लस, तीच माणसे, एकाच कुळातले दोन जंतू, आणि दोन उत्तरे.

चेंगलपट्टूचा एक खुलासा वातावरणातल्या मायकोबॅक्टेरियांकडे बोट दाखवतो. उष्ण, दमट प्रदेशात माती-पाण्यातून त्यांच्याशी लहानपणापासून गाठ पडते. शरीर आधीच काही प्रमाणात तयार झालेले असते, म्हणून बीसीजी त्यात फारशी भर घालू शकत नाही, किंवा तिचे जंतू लवकरच मारले जातात. लहान बाळांत मात्र ही लस निःसंशय काम करते : क्षयजन्य मेंदुज्वर आणि सर्वांगात पसरणारा क्षय यांपासून ती चांगले संरक्षण देते. देशभर बाळांना ती देण्याचे कारण हेच.

“म्हणजे लस वाईट नाही,” भाचा म्हणाला. “ती चुकीच्या दारानं आत जाते. २०२० मध्ये माकडांवर झालेलं काम बघ. तीच शंभर वर्षं जुनी बीसीजी, कातडीत न टोचता शिरेतून दिली. दहांपैकी नऊ माकडांना भक्कम संरक्षण मिळालं, सहांच्या शरीरात तर नंतर जंतू सापडलाच नाही. त्यांच्या फुप्फुसांतच टी-पेशी आधीपासून मुक्कामाला होत्या. जंतू आला तेव्हा तो थोडा होता आणि पेशी तयार होत्या. पोकळी व्हायची वेळच आली नाही. तुझी भीती उशिरा जागणाऱ्या प्रतिकाराची आहे.”

“माणसाला जिवंत जंतू शिरेतून देणार आहेस?”

“नाही. पण काय साधायचं ते आता कळलंय. दाह मुद्दाम घडवून फायदा घेण्याचं उदाहरण आपल्याकडे आहेच. १९७६ पासून मूत्राशयाच्या कर्करोगात बीसीजी थेट मूत्राशयात सोडतात. चेतवलेल्या पेशी कर्करोगाच्या पेशी मारतात. मूत्ररोगतज्ज्ञ ते नेहमी वापरतात.”

याच भाच्याने पुढे स्वतःच्या बाजूला न मानवणारी गोष्टही सांगितली. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली एमव्हीए८५ए ही लस दक्षिण आफ्रिकेतल्या २,७९७ बाळांच्या चाचणीत निम्म्या बाळांना बीसीजीच्या जोडीला दिली गेली. रक्तातल्या टी-पेशींचा प्रतिसाद वाढला, इंटरफेरॉन गॅमाची मोजमापे ठीक आली. २०१३ मध्ये निकाल लागला तेव्हा बाळांना क्षयापासून सांगण्याजोगे जादा संरक्षण मिळालेले नव्हते. लशीवर काम करणाऱ्या सगळ्यांना तो निकाल फार लागला. प्रयोगशाळेत ‘प्रतिकार’ म्हणून जे मोजले जात होते ते क्षयापासून वाचवणारे नव्हते. नेमके काय वाचवते याचे खात्रीचे माप अजूनही हाती आलेले नाही.

आत्याने त्यावर विजयाची मुद्रा केली नाही. ती म्हणाली, “मग गावात जे दिसतं ते मोजा. झारखंडात मोजलं.”

झारखंडमधली ती चाचणी डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात केली. फुप्फुसाचा क्षय झालेल्या २,८०० रुग्णांची घरे निवडली. रुग्णाला शिधा सगळीकडे दिला. निम्म्या घरांत मात्र घरच्या इतर माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या दिल्या : दर माणशी दिवसाला साधारण ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनांची भर पडेल इतका. १०,३४५ माणसांचा पाठपुरावा झाला. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. फुप्फुसाच्या, तपासणीत जंतू सापडलेल्या क्षयात ही घट ४८ टक्के होती. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला आणि साडेबारा लाख दगावली; रुग्णांतला एक चतुर्थांशाहून अधिक वाटा एकट्या भारताचा होता.

“हा तर माझाच पुरावा!” भाचा म्हणाला. “उपाशी शरीरात थायमस ग्रंथी आक्रसते, टी-पेशी घटतात. शिधा दिला, प्रतिकार वाढला, क्षय घटला.”

“प्रतिकार वाढला का त्याचा तोल सावरला? डाळ-तांदळानं टी-पेशींना अमक्या प्रथिनावर तुटून पडा असं शिकवलं नाही. धावून जाणाऱ्या पेशींना जेवण मिळालं, तसंच त्यांना थांबवणाऱ्यांनाही मिळालं. तुझी लस एका बाजूला खाऊ घालते.”

“लस मेमरी तयार करते, जेवण ती करत नाही. शिधा थांबला की पुन्हा तेच. लस एकदा दिली की वर्षानुवर्षं पुरू शकते. आणि शिधा रोज पुरवायचा तर तो कोणी, किती दिवस?”

“जितके दिवस माणसं उपाशी आहेत तितके दिवस.”

इथे दोघांची वाट खरोखर वेगळी होते, आणि शास्त्राने त्यांच्यात समेट घडवलेला नाही. आत्या बरे झालेल्या रुग्णांबद्दल बोलते. सहा महिन्यांच्या गोळ्या संपतात, थुंकीत जंतू नसतो, नोंदीत ‘बरा’ असे लागते. पण पोकळीच्या जागी वण राहतो, श्वासनलिका रुंद होऊन बसतात, आणि शेतमजुरी करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला चढ चढवत नाही. ती म्हणते, रोगनिदान महिनाभर आधी झाले असते तर त्याचे फुप्फुस वाचले असते. लशीवर जाणाऱ्या पैशातून गावागावात एक्स-रे आणि रेणवीय चाचणी पोचवा. भाचा तेवढ्याच कळकळीने म्हणतो, की निदानाच्या मागे धावून क्षय आटोक्यात येणार नाही. रुग्ण सापडेपर्यंत त्याने घरातल्यांना जंतू दिलेला असतो, आणि जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांना हा जंतू कधी ना कधी भेटलेला आहे. त्यांतल्या बहुतेकांना आजार होत नाही. ज्यांना होतो त्यांना तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतो. त्या दोन वर्षांत काम करणारी लस त्याला हवी आहे.

त्याची आशा एम७२ या लशीवर आहे. क्षयाच्या जंतूतली दोन प्रथिने जोडून आणि सोबत प्रतिसाद चेतवणारे द्रव्य घालून ती बनवली आहे. केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबियात, आधीच संसर्ग झालेल्या पण आजारी नसलेल्या प्रौढांना ती दिली. तीन वर्षांत लस घेतलेल्यांपैकी १३ जणांना फुप्फुसाचा क्षय झाला, न घेतलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटातल्या २६ जणांना. संरक्षण सुमारे ५० टक्के. आकडे लहान आहेत, म्हणून २०२४ मध्ये वीस हजारांपर्यंत स्वयंसेवकांची पुढची चाचणी सुरू झाली. भारतातही त्याच वर्षी काही राज्यांच्या निवडक जिल्ह्यांत प्रौढांना बीसीजी देऊन पाहणी सुरू झाली. त्यांत महाराष्ट्र आहे.

“निकाल येईल तेव्हा तू काय बघशील?” आत्याने विचारले.

“किती जणांना क्षय झाला, दोन्ही गटांत.”

“मी ते बघेनच. पण लस घेऊनही ज्यांना झाला, त्यांचे एक्स-रे मला हवेत. त्यांच्यात पोकळ्या जास्त आहेत की कमी? तुझ्या लशीनं रुग्ण निम्मे केले आणि उरलेल्यांची फुप्फुसं दुप्पट खाल्ली, तर मला ते आधी कळायला हवं.”

भाच्याने प्रश्न उडवून लावला नाही. चाचणीतल्या स्वयंसेवकांची खोकला येताच तपासणी होते, पोकळी पडायच्या आत ते सापडतात, त्यामुळे थोड्या रुग्णांत हा फरक दिसणे अवघड, असे त्याने समजावले. त्यासाठी लस प्रत्यक्ष वापरात आल्यावर कैक पटींनी जास्त रुग्ण पाहावे लागतील.

“मग तेव्हा पाहा. एक्स-रे तालुक्याच्या दवाखान्यात रोज निघतात. लस घेतली होती का, एवढी एक नोंद त्यावर करायला कोणाचं काय अडतं?”

“नोंदीचा आराखडा मी लिहून देतो,” भाचा म्हणाला. “पण आत्या, आज त्या तालुक्यातल्या प्रौढ माणसाला द्यायला आपल्याकडे फक्त १९२१ ची लस आहे.”

“आणि तांदूळ-डाळ,” आत्या म्हणाली. “ती आजही देता येते.”